तीनाचा घन आणि नातवाचा प्रश्न

लंडनच्या ‘सिटी ऑफ लंडन स्कूल’चे मुख्याध्यापक एडविन अ‍ॅबट यांनी १८८४ साली ‘फ्लॅटलँड’ ही छोटेखानी कादंबरी ‘एक चौरस’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. लांबी आहे, रुंदी आहे, परंतु उंची नाही अशा सपाट देशाची ही कथा. तिचा निवेदक स्वतः चौरस असून व्यवसायाने वकील आहे. कोणी तिच्याकडे चतुर्थ मितीची प्रवेशिका म्हणून पाहतात, कोणी व्हिक्टोरियाकालीन समाजावरील उपहास म्हणून. आम्हांस मात्र ती एका मुख्याध्यापकाने शिक्षकांविषयी लिहिलेली कादंबरी वाटते. आणि तिचा गाभा, आमच्या मते, आजोबा व नातू यांच्या दोन लहानशा प्रसंगांत आहे.

पहिल्या प्रसंगात चौरस आपल्या षट्कोनी नातवास शिकवीत आहे. तीन इंचांची रेषा स्वतःशी समांतर तीन इंच सरकली की नऊ चौरस इंचांची आकृती होते. तीनाचा वर्ग तो हाच. नातू थोडा विचार करून म्हणतो, आपण मला तीनाचा घनही शिकविला आहे. मग त्यालाही भूमितीत काही अर्थ असला पाहिजे. आजोबा सांगतात, मुळीच नाही. मुलगा हट्ट सोडीत नाही. बिंदू सरकून रेषा झाली, रेषा सरकून चौरस झाला. मग चौरसच कसाबसा, कोणत्या दिशेने ते ठाऊक नाही, पण सरकला तर? आजोबा चिडून त्यास निजावयास पाठवितात.

मराठी वाचकास येथे हसू येईल, कारण आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर शब्दातच दडलेले आहे. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त एकाच श्लोकात वर्ग म्हणजे समभुज चौकोनी आकृती व दोन समान संख्यांचा गुणाकार, आणि घन म्हणजे तीन समान संख्यांचा गुणाकार व बारा कडांची आकृती, असे सांगितले आहे. नातवाने जे चाचपडत शोधले ते आपल्या मुलांना शब्दाबरोबर फुकट मिळते. आणि तरीही आमच्या शाळांतून घन शिकविला जातो तो पाठ करावयाचा तक्ता म्हणून!

दुसरा प्रसंग अधिक दुःखद आहे. गोलाने चौरसास तिसऱ्या मितीचे दर्शन घडविले आहे, आणि परलोकीच्या साक्षात्काराच्या गोष्टी बोलणाऱ्यांस शिक्षा करण्याचा हुकूम नुकताच पुकारला गेला आहे. आता आजोबाच नातवाला जवळ घेऊन त्याच्या प्रश्नाची आठवण देतात. मुलगा रडू लागतो. ती थट्टा होती, मला तसे काही म्हणावयाचे नव्हते, असे म्हणतो. आजोबा हातातला चौरस ‘वर’ हलवून दाखवू पाहतात. पण वर म्हणजे कोठे ते त्यांनाही दाखविता येत नाही. शेवटी मुलगा हसत पळून जातो. प्रश्न होता तेव्हा शिक्षक तयार नव्हता. शिक्षक तयार झाला तोवर प्रश्न मेला.

हा भाग वाचताना आम्ही पुस्तक मिटून बसलो होतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी फळ्यावर घनाची आकृती काढली असता सातवीतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, घनाची प्रत्येक बाजू चौरस असते म्हणालात, पण या बाजूच्या चौकोनाचे कोन काटकोन नाहीत.” आम्ही म्हणालो, “आकृतीत तसेच काढतात. उतरवून घे.” फळा हाही सपाट देशच होता आणि त्या मुलाने तो ओळखला होता. त्याने पुन्हा काही विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

कादंबरीत दोष नाहीत असे नव्हे. पूर्वार्ध रेंगाळतो. स्त्रिया म्हणजे रेषा आणि कनिष्ठ वर्ग म्हणजे टोकदार त्रिकोण, हा उपहास प्रौढास कळतो. मुले तो अक्षरशः खरा धरतील. वर्गात तो भाग वगळावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु आरंभीचा नाण्याचा प्रयोग वगळू नये. मेजावर रुपया ठेवून डोळे हळूहळू मेजाच्या कडेपर्यंत खाली आणले की वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि अखेर केवळ रेष उरते. जे दिसते तेवढेच काढा, असे बजावून मुलांकडून तीन उंचींवरून तीन चित्रे काढून घ्यावीत. फळ्यावरील घनाचे कोन का बिघडतात, हे त्यानंतर सांगावे लागत नाही.

सपाट देशातून गोल पार होतो तेव्हा तेथे वाढत जाणारे व मग आकसत जाणारे वर्तुळ तेवढे दिसते. हा भाग वाचून दाखवून गेल्या वर्षी आम्ही सहावीच्या मुलांना सांगितले, घरातील एखादी वस्तू पाण्यात हळूहळू बुडते आहे असे समजा आणि पाण्याच्या पातळीवर तिचे जे जे छेद होतील तेवढेच ओळीने काढा. वस्तू इतरांनी ओळखावी. एका मुलीने दोन बारीक वर्तुळे, मग चार मोठी सारखी, पुन्हा दोन बारीक अशी काढली. “लाटणे!” वर्ग ओरडला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “आणि आडवे बुडविले तर?” आम्ही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पाच लाटणी आणि एक बादली आली.