उसण, पायाळू आणि स्नायुशिथिलके

परतवाड्याच्या बाजारात सागाचा ओंडका उचलताना किंवा संत्र्यांचे क्रेट चढविताना एखाद्याच्या कंबरेत उसण भरली, की पायाळू माणसाचा शोध घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पायाळूने पाय लावावा आणि उसण उतरावी, हा समज सुशिक्षित मंडळी हसण्यावारी नेतात. परंतु त्याच कंबरेसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या स्नायुशिथिलक गोळ्यांना आपण तीच कसोटी लावतो काय? नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच पुष्कळशी ओसरते; श्रेय मात्र मधल्या काळात ज्याने हात (किंवा पाय) लावला, त्याच्या पदरी पडते.

मुळात ‘स्नायुशिथिलक’ ही संज्ञाच दिशाभूल करणारी आहे. ह्या वर्गातील बहुतेक औषधे प्रत्यक्ष स्नायूवर नव्हे, तर मज्जासंस्थेवर कार्य करतात. गुंगी हा त्यांचा अपघाती दोष नव्हे. तो त्यांचा स्वभावच होय.

कॅशिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे’ ह्या नियतकालिकात ३१ चाचण्यांतील ६,५०५ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. बेन्झोडायझेपीनेतर औषधांनी पहिल्या दोन आठवड्यांत वेदना शंभरांपैकी सरासरी ७.७ गुणांनी अधिक कमी झाली, तर दुष्परिणामांचा धोका १.६ पट भरला. ह्या पुराव्याची विश्वसनीयता फार कमी असल्याचे लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे, हा त्यांचा प्रांजळपणा. तरीही भिन्न रसायनांना एका सरासरीत कोंबल्याने प्रत्येकाचा वेगळा गुणावगुण झाकला जातो, हा आक्षेप उरतोच. त्याहून स्पष्ट उत्तर फ्रीडमन यांच्या २०१५ च्या न्यूयॉर्कमधील चाचणीत मिळते. तेथे ३२३ रुग्णांपैकी प्रत्येकास नॅप्रोक्सेन दिले गेले. सोबत काहींना सायक्लोबेन्झाप्रीन, काहींना ऑक्सिकोडोन-पॅरासिटामॉल, तर काहींना औषधहीन गोळी. आठवड्यानंतर हालचालींच्या चोवीस गुणांच्या मापावर औषधहीन गटाची सुधारणा ९.८, सायक्लोबेन्झाप्रीन गटाची १०.१!

आपल्याकडे प्रचलित असलेल्या थायोकोल्चिकोसाइडचे मूळ द्रव्य कळलावीच्या बियांतून काढतात. कळा आणणारी म्हणून जिचे नाव पडले, त्या वनस्पतीपासून सिद्ध झालेले हे औषध गर्भवतीस देऊ नये, असा युरोपीय औषधसंस्थेचा २०१३ चा निर्णय आहे. शरीरात त्याचे विघटन होताना निर्माण होणारे एक द्रव्य पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकते, म्हणून तोंडावाटे दिवसाला १६ मिलिग्रॅम व सलग ७ दिवस ही कमाल मर्यादाही तिने घातली.

गुणांची ही मोजदाद रोजंदारीवरच्या माणसाला पुरेशी नाही. गुंगी घेऊन आरागिरणीच्या फिरत्या पात्यासमोर उभा राहणारा कामगार आणि घरी पडून राहणारा नोकरदार ह्यांस १.६ पट हा आकडा एकाच अर्थाने लागू पडत नाही. बुडालेली मजुरी व कामावर परतल्याचा दिवस ह्यांना उपरोक्त विश्लेषणाच्या मुख्य निकषांत स्थान नाही. विदर्भात अशी चाचणी योजावयाची झाल्यास मोजणीस प्रारंभ तेथूनच करावा लागेल, आणि औषधहीन गटाच्या जोडीला पायाळूचाही एक गट ठेवण्यास आमची हरकत नाही.