दूरस्थ बौद्ध अध्ययनातील वाचन-याद्या : एक चिकित्सा

पाली आणि बौद्ध अध्ययनाचे अभ्यासक्रम आता महाजालावरून चालू लागले आहेत. नोकरी, अंतर किंवा घरची परिस्थिती यांमुळे ज्यांना वर्ग कधीच गाठता आला नसता, असे उपासक-उपासिका तालुक्याच्या गावी राहून त्यांत नाव नोंदवितात. अशा काही अभ्यासक्रमांच्या वाचन-याद्या आम्ही अलीकडे बारकाईने पाहिल्या. ग्रंथांची व लेखांची निवड बहुतांशी विचारपूर्वक झाली होती. परंतु त्यांकडे नेणारे कितीतरी दुवे उघडतच नव्हते. संस्थांची नावे घेण्याचे कारण नाही. दोष एका संस्थेचा नसून पद्धतीचा आहे.

हा प्रश्न तांत्रिक असून तो संगणक-विभागाने पाहावा, असे उत्तर आम्हांस मिळाले. ते आम्हांस मान्य नाही. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश प्रसिद्ध आहेत : एखादे वचन प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले असे कोणी सांगितले, तरी ते सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारू वा नाकारू नये. जो विद्यार्थी मूळ पाठापर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याने काय ताडून पाहावे? त्याला अध्यापकांच्या टिपणांवरच विसंबावे लागते.

चूक कशी होते ते पाहू. अध्यापक विद्यापीठात बसून ग्रंथालयाच्या संग्रहात लेख शोधतात, पडद्याच्या वरच्या पट्टीतील पत्ता उचलतात आणि यादीत चिकटवितात. हा पत्ता पुष्कळदा त्या वेळच्या शोधापुरता तयार झालेला असतो व काही वेळाने निकामी होतो. तो टिकला तरी दुसरी अडचण उरते. विद्यापीठाच्या परिसरातील संगणक प्रकाशकाच्या यंत्रणेला त्यांच्या जाल-पत्त्यांवरून ओळखू येतात आणि दार आपोआप उघडते. अध्यापकांनी दुवा तपासला तर तो चालतो. हिंगोलीच्या विद्यार्थ्याने दाबला की त्याच लेखाचे मूल्य मागितले जाते. जेथे दोष दिसणेच शक्य नाही तेथे बसून ही तपासणी होते, हे आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म आहे.

उपाय अवघड नाही. जेस्टोरसारखे संग्रह प्रत्येक लेखासोबत त्याचा स्थिर पत्ता वेगळा छापतात, तो घ्यावा. त्याच्या आधी आपल्या ग्रंथालयाच्या प्रॉक्सी सेवेचा पत्ता जोडावा, म्हणजे विद्यार्थ्याला प्रथम ग्रंथालयाचे प्रवेश-पृष्ठ दिसते आणि ओळख पटल्यावर लेख उघडतो. १९९९ साली निघालेली ईझेडप्रॉक्सी ही प्रणाली हेच काम करते. आपल्याकडे इन्फ्लिबनेटच्या इन्फेड व्यवस्थेतूनही सदस्य संस्थांच्या विद्यार्थ्यांना घरून प्रवेश मिळू शकतो. मग तो दुवा घरून, भ्रमणध्वनीच्या जोडणीवर एकदा उघडून पाहावा. एवढे झाले तरी निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

डीओआय क्रमांक दिला की काम झाले, अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. प्रकाशकाने स्थळ बदलून नोंद अद्ययावत केली की तो क्रमांक नव्या जागी नेतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो प्रकाशकाच्या दाराशी नेतो; आपल्या ग्रंथालयाने तोच लेख दुसऱ्या संग्रहामार्फत घेतला असेल, तर विद्यार्थी बंद दाराशीच उभा राहतो. नियतकालिके खरोखर स्थलांतर करतात. १९९४ साली सुरू झालेले आणि प्रारंभापासून महाजालावरच निघणारे ‘जर्नल ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून पुढे डिकिन्सन महाविद्यालयाकडे गेले. जुन्या लेखनातील त्याचे पत्ते आज कामाचे नाहीत.

या कटकटीला कंटाळून कित्येक अध्यापक लेखाची पीडीएफ प्रतच अभ्यासक्रमात चढवितात. त्यामागील कणव आम्ही समजू शकतो. तथापि यात स्वामित्वहक्काचा प्रश्न आहेच, शिवाय तो वापर ग्रंथालयाच्या नोंदीत येत नाही. वर्गणी चालू ठेवायची की नाही हे ठरविताना ग्रंथालये वापराचे आकडे पाहतात; पाली अध्ययनाची नियतकालिके कोणी वाचत नाही असे त्या आकड्यांवरून दिसले, तर ती बंद होण्यास वेळ लागत नाही.

मूळ ग्रंथांच्या बाबतीत संगणकाच्या दुव्याहून जुना आणि टिकाऊ दुवा उपलब्ध आहे, त्याचा मात्र याद्यांना विसर पडलेला दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची रचना खंड, भाग, प्रकरण आणि क्रमांकित विधाने अशी केली. १९५७ ची पहिली आवृत्ती आणि १९९२ साली महाराष्ट्र शासनाने काढलेला अकरावा खंड यांची पृष्ठे जुळत नाहीत. विधानाचा क्रमांक दोन्हीकडे उपयोगी पडतो. तरीही आम्ही पाहिलेल्या एका यादीत कुठल्याशा पीडीएफचा पृष्ठक्रमांक तेवढा होता, आवृत्तीचे नावही नव्हते.

अर्थात क्रमांकही कोणत्या पाठाचा ते सांगावे लागते. दुसऱ्या एका यादीत कालाम सुत्तासाठी ‘अंगुत्तर निकाय, ३.६५’ एवढीच नोंद होती. अनेक इंग्रजी अनुवादांत हा क्रमांक बरोबर आहे. छट्ठ संगायनाच्या देवनागरी पाठात मात्र तिकनिपातातील हे सुत्त ६६ वे आहे. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीतील पहिल्या खंडाचे १८८ वे पृष्ठ सोबत दिले असते तर घोटाळा टळला असता. यादीवर विश्वास ठेवून देवनागरी पाठ उघडणाऱ्या विद्यार्थ्याला ६५ व्या क्रमांकावर भेटतो तो संघ सोडून गेलेला सरभ परिव्राजक, आणि केसपुत्तचे कालाम त्याच्या पुढच्याच सुत्तात असल्याचे त्याला कोणी सांगितलेले नसते.