पेस्ट झालं, पण पोचलं नाही

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि पोलादपूरकडे दरडी कोसळल्या. त्यानंतर माझ्या मामाच्या वाडीने नुकसानीची यादी केली: कुणाचं, काय, किती गेलं. एका डीटीपीवाल्याने ती कृतिदेव फाँटमध्ये टाइप करून दिली. मी ती वर्डमधून कॉपी करून मदतीच्या एका वेब फॉर्ममध्ये पेस्ट केली, तर चौकटीत इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. आकडे तेवढे शाबूत. किती गेलं ते वाचता येत होतं, कुणाचं गेलं ते नाही.

शेवटी शेजारी फाइल ठेवून रात्रभर सगळं पुन्हा टाइप केलं. त्यात दोन आडनावं चुकली, ती दुरुस्त करण्यात आठवडा गेला.

तुम्ही म्हणाल, दोष फाँटचा. अर्धं खरं आहे. कृतिदेवमध्ये ‘महाड’ लिहिलं की संगणक साठवतो ई, जी, के आणि कॅपिटल एम. आपल्याला म, ह, काना, ड दिसतात, कारण त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी फाँटने मराठी आकार बसवलेत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत. कृतिदेव ते वापरतच नाही. फाँटचं नाव गळलं की मराठीही गळते.

आता उरलेलं अर्धं. कॉपी-पेस्ट हे नाव जरा फसवं आहे. १९८७ साली आलेल्या एक्स-११ या विंडो प्रणालीत तुम्ही कॉपी करता तेव्हा बहुधा काहीच हलत नाही. ते ॲप्लिकेशन फक्त जाहीर करतं, ‘निवडलेला मजकूर माझ्याकडे आहे.’ पेस्ट केल्यावर दुसरं ॲप्लिकेशन विचारतं, ‘कोणकोणत्या रूपांत देशील?’ यादी येते, त्यातलं एक रूप ते मागून घेतं. विंडोजची रचना वेगळी आहे, पण तिथेही एकच मजकूर साधा, फाँटसकट आणि एचटीएमएल अशा अनेक रूपांत देऊ करता येतो.

ही रचना हुशार आहे, हे मान्यच करायला हवं. चित्र काढणाऱ्या ॲप्लिकेशनला मजकुराच्या ॲप्लिकेशनची काही माहिती नसली तरी दोघांचं जमतं. शिवाय कुणी मागितल्याशिवाय एकाच गोष्टीची दहा रूपं तयार करावी लागत नाहीत.

माझा आक्षेप पुढे आहे. ही सगळी बोलणी दोन ॲप्लिकेशन्समध्ये होतात आणि ज्याची यादी आहे त्याला त्यातलं काहीच कळत नाही. माझ्या बाबतीत वर्डने फाँटसकटचं रूप देऊ केलं होतं. म्हणजे ‘हे कृतिदेव आहे’ ही माहिती क्लिपबोर्डवर हजर होती. फॉर्मच्या चौकटीने साधा मजकूर घेतला, बाकीचं सोडलं, आणि आपण काय सोडलं हे सांगितलं नाही. बिघाड झाला तर संगणक निदान एरर दाखवतो. इथे नियमाप्रमाणे सगळं यशस्वी झालं होतं!

प्रत्येक पेस्टला प्रश्न विचारत बसावं असं मी म्हणत नाही; वैतागून आपण न वाचताच ‘ओके’ दाबू. पण मूळ रूपात जुन्या फाँटचं नाव असेल आणि घेणारा फक्त साधा मजकूर उचलत असेल, तर एक ओळ दाखवणं अवघड नाही: ‘फाँट सोबत आला नाही, अक्षरं बदललेली दिसतील.’ त्याला लागणारी माहिती हाताशीच असते.

‘आता सगळे युनिकोडच वापरतात’ हे उत्तरही मला पुरेसं वाटत नाही. नवं लिखाण युनिकोडमध्ये होईल, पण जुन्या फायली आपोआप बदलत नाहीत, आणि गरज नेमकी त्यांचीच पडते.

तोवर तुम्ही एक करा. जुन्या फाइलमधला मजकूर कुठेही पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. तिथे मराठी दिसली नाही, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि नावं मात्र एकेक करून डोळ्यांनी तपासा.