‘पाउला’ : आईचं पत्र आणि मुलीचं पत्र

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. तेव्हापासून आपल्या मनात एक चौकट पक्की बसली आहे : आई गेलेली असते आणि मूल तिच्या आठवणी सांगतं. आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, त्यात हे नेमकं उलटं आहे. मूल अंथरुणावर आहे, तेही वाढलेलं, लग्न झालेलं मूल, आणि बोलते आहे ती आई. चिलीच्या लेखिका इसाबेल आयेंदे यांचं हे ‘पाउला’. मूळ स्पॅनिश पुस्तक १९९४ सालचं.

घटना थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९९१. पाउला अठ्ठावीस वर्षांची, नवऱ्याबरोबर माद्रिदला राहणारी. तिला पॉर्फिरिया हा आनुवंशिक विकार होता. तो बळावला, ती बेशुद्ध झाली आणि मेंदूला कायमची इजा झाली. आई इस्पितळात मुलीपाशी बसून लिहू लागली. का? तर मुलगी जागी होईल तेव्हा तिला काही आठवणार नाही, ती हरवल्यासारखी होईल, म्हणून तिला घराण्याची गोष्ट लिहून ठेवायची. आजीआजोबा, १९७३ चा लष्करी उठाव, देश सोडून व्हेनेझुएलाला जाणं, सगळं या पत्रात येतं.

आयेंदेबाईंनी असं पत्र आधीही लिहिलं होतं. १९८१ साली मरणाला टेकलेल्या आजोबांना लिहायला घेतलेल्या पत्राचीच त्यांची पहिली कादंबरी झाली. पण आजोबांना निरोप देणं हा जगाचा क्रम झाला. लेकीला निरोप देण्याची सवय कुणाच्या हाताला असते?

आता एक आक्षेप घेऊ, आणि तो खोटा नाही. पुस्तकाचं नाव ‘पाउला’, पण पानंच्या पानं भरली आहेत ती इसाबेलच्या आयुष्यानं. मुलगी बोलू शकत नाही आणि आई थांबत नाही. हे प्रेम म्हणायचं की हक्क गाजवणं? माझं म्हणणं असं, की पुस्तकाची खरी गोष्ट या प्रश्नातच आहे. वाढलेलं मूल आजारी पडलं की आई त्याला परत तान्हं करते. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं पुन्हा हातात येतं, आणि त्यात दुःखाबरोबर एक चोरटा आनंदही असतो. आयेंदेबाई तो लपवत नाहीत. एकदा प्रेमात पडून आपण मुलांना मागे ठेवून स्पेनला निघून गेलो होतो, हेही त्या याच मुलीला सांगतात. जिला आपण कधीतरी सोडलं, तिला आता सोडायचं नाही, हा हट्ट तिथूनही येतो.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिला मे १९९२ पर्यंतचा, दुसरा तिथपासून डिसेंबरपर्यंतचा. या मधल्या काळात मुलीला कॅलिफोर्नियाच्या घरी आणलं आहे. दोन्ही भाग वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या भागातली ‘तू’ हे वाचणार आहे. दुसऱ्या भागात आईला कळून चुकलंय, की वाचायला कुणी उठणार नाही. लिहिणं मात्र थांबत नाही. आशा संपली की प्रेम ओसरतं असं आपण समजतो. इथे आशा संपते आणि रोजचं करणं तसंच चालू राहतं. चिवट प्रेम म्हणतात ते हे.

पण पुस्तकाचा कणा मला दुसऱ्याच एका पत्रात दिसतो, पाउलाच्या. ते तिनं निरोगी असताना, मधुचंद्राच्या वेळी लिहून बंद करून ठेवलं होतं, आपल्या मृत्यूनंतर उघडण्यासाठी. पुस्तकाच्या शेवटाकडे ते वाचलं जातं. शरीरात अडकून राहायचं नाही, अस्थी निसर्गात सोडाव्यात, नावाचा दगड कुठेही नको, असं ती सांगते. आईच्या एवढ्या लांब बोलण्यात मुलीचा आवाज एवढाच. पण त्या आवाजासमोर तान्हं बाळ नाहीसं होतं आणि स्वतःचं मत असलेली एक बाई उभी राहते. आईला तिचं ऐकावं लागतं. ६ डिसेंबर १९९२ ला पाउला त्या घरीच गेली, तेव्हा आईनं तिला जाऊ दिलं होतं.

तरी एक गोष्ट उरतेच. नावाचा दगड नको म्हणणाऱ्या मुलीचं नाव आईनं पुस्तकावर घातलं! मी हा लेखिकेचा दोष मानत नाही, पण तो नाहीच असंही म्हणणार नाही. लेकीचं सगळं ऐकून झाल्यावर आईनं एक गोष्ट ऐकली नाही. पुढे याच पुस्तकाच्या उत्पन्नातून आयेंदेबाईंनी १९९६ साली मुलीच्या स्मरणार्थ स्त्रिया आणि मुलींसाठी काम करणारी संस्था काढली.

वाचताना दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा, एवढीच विनंती. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.