'हितसंबंधी' कोण? इंटरनेट प्रशासनातील एका संज्ञेची चिकित्सा

ट्युनिस येथील माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषदेने 2005 मध्ये इंटरनेट प्रशासनाची जी व्याख्या स्वीकारली, तीत शासनसंस्था, खासगी क्षेत्र व नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेत नियम व निर्णयपद्धती घडवाव्यात, असे अभिप्रेत आहे. या घटकांना मराठीत 'हितसंबंधी' म्हटले जाते. काही ठिकाणी 'भागधारक' असाही शब्द आढळतो. हा दुसरा शब्द सदोष असला तरी बोलका आहे. भागधारक म्हणजे ज्याने भांडवल गुंतवले तो. ज्याला निर्णयाची झळ पोहोचते तो नव्हे.

या दृष्टीने पालघरचे उदाहरण तपासण्यासारखे आहे. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड ओलांडले की हे गाव येते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि ते मत पसंत करणारी तिची मैत्रीण यांना नोव्हेंबर 2012 मध्ये अटक झाली. ज्या कलमाचा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ 2008 च्या दुरुस्तीने आले होते. सर्वोच्च न्यायालयातील खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या श्रेया सिंघल दिल्लीच्या. 24 मार्च 2015 रोजी हे कलम रद्द झाले.

निकालाचे स्वागत झाले. त्याचा दुसरा भाग मात्र आपल्याकडे फारसा वाचला गेला नाही. (प्रस्तुत लेखकानेही तो उशिराच वाचला.) मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम 69अ आणि त्याखालील 2009 चे नियम न्यायालयाने वैध ठरवले. नियम 8 प्रमाणे नोटीस द्यायची ती संबंधित व्यक्तीला 'किंवा' मध्यस्थाला, म्हणजे बहुधा कंपनीला. मूळ लेखकाची ओळख पटल्यास त्यालाही ऐकावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. परंतु ओळख पटवण्याचे काम शासनाकडेच, आणि नियम 16 नुसार सारी कार्यवाही गोपनीय. एका 'किंवा'ने लेखकाचे स्थान असे डळमळीत केले आहे. वाचकाचा तर उल्लेखच नाही.

सामान्य वापरकर्त्याची बाजू नागरी समाजाच्या संस्था मांडतातच, असा प्रतिवाद होईल. तो निराधार नाही; याच खटल्यात पीयूसीएलसारखी संस्था याचिकाकर्ती होती. पण पालघरची अटक तरी सर्वांना दिसली होती. आपला मजकूर का रोखला गेला हेच ज्याला कळत नाही, त्याच्या वतीने कोणत्या संस्थेने कशाच्या आधारे दाद मागावी, याचे उत्तर ट्युनिसच्या व्याख्येत नाही आणि 2009 च्या नियमांतही नाही.