तेरा दिवसांचे धरणे

वह्या बुडाल्या आणि तरल्या, ही कथा आम्ही कीर्तनकारांनी इतकी गायिली की त्या प्रसंगाचे अभंग नीट पाहावयाचेच राहून गेले. मी स्वतः चाळीस वर्षे तेच केले. बुडविण्याचे एक वाक्य, निर्वाणाचे एक, थोडा रामेश्वरभटांवर राग, आणि लगेच कोरड्या वह्या. तिथे टाळकऱ्यांना खूण, गजर. श्रोते डोळे पुसत. बिदागीही बरी मिळे, खोटे कशाला सांगू.

आता गुडघे उभे राहू देत नाहीत, तेव्हा गाथा घेऊन बसतो. त्या अभंगांत रामेश्वरभटांवर रोख नाही. सारे भांडण पांडुरंगाशी. तेरा दिवस झाले तरी येत नाहीस, हा हिशेब. दगड होऊन बसलास, हा आरोप. जीव देईन, ही धमकीसुद्धा. आम्ही याला 'प्रेमाचा रुसवा' म्हणून गोड करून टाकतो. मला ते आता पटत नाही. उपाशी माणूस असा लटका रुसत नाही.

हे धरणे आहे. धनको ऋणकोच्या दारात बसे, तसे. महाराज महाजनाच्या घरचे, त्यांना ते ठाऊक. याच इंद्रायणीत त्यांनी पूर्वी आपल्या वाट्याची कर्जखते बुडविली, असे चरित्रकार सांगतात. ती त्यांनी कधी परत मागितली नाहीत. कुळांवरचा हक्क सोडला, देवावरचा सोडला नाही. परक्याच्या दारात कोणी अन्न टाकून बसत नाही. विश्वास तो इथे, वह्या पाण्याखाली असताना.

आणि वह्या आल्यावर? प्रचीती आली म्हणून उड्या मारल्या असत्या, तर आमचा गजर योग्य ठरला असता. पण महाराज क्षमा मागतात. लोकांच्या बोलासाठी तुला शिणविले, तुझा अंत पाहिला, याची लाज त्यांना वाटते. ज्याला पुरावा हवा होता तो पुरावा मिळाल्यावर लाजेल कशाला?

परवा आमच्या गावच्या सप्ताहात एका तरुण बुवांनी हाच प्रसंग घेतला. आवाज खडा, पाठांतर चोख. कोरड्या वह्यांवर गजर झाला आणि क्षमेचा अभंग राहिला. अकराला आटोपायचे होते. नंतर ते पाया पडायला आले, तेव्हा मी एवढेच म्हणालो, "बुवा, पुढच्या वेळी त्या शिळेवर थोडे बसा." ते हसले. त्यांना वाटले, म्हातारा देहूला चला म्हणतो आहे.