जबूर, यासीन आणि जिवंत माणूस

अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचे अहिल्यानगर, हे मराठी ख्रिस्ती साहित्याचे जुने ठाणे. अमेरिकन मराठी मिशनने येथे 1831 मध्ये काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये याच शहरातून निघू लागले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येथे राहून अभंगाच्या वळणाची भक्तिगीते लिहिली. या परंपरेमुळे हिब्रू स्तोत्रांतील भाव नगरच्या खेड्यापाड्यांत मराठीतून पोहोचला.

आपल्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना जबूर दिल्याचे कुरआन सांगते. बायबलमधील आजची 150 स्तोत्रे म्हणजे जशीच्या तशी तीच जबूर, असे मुसलमान मानत नाहीत. परंतु न मानणे वेगळे आणि न वाचणे वेगळे. आपण बहुतेकांनी ती वाचलेलीच नाहीत.

यांतले सर्वांत परिचित स्तोत्र तेविसावे. त्यात ईश्वर मेंढपाळ आहे. तो हिरव्या कुरणात नेतो, संथ पाण्याजवळ विसावा देतो, हातातल्या काठीने धीर देतो. कुरण आणि पाण्यासाठी मेंढरांमागे मैलोगणती चालणारे धनगर पाहिलेल्या नगरकराला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. पण या स्तोत्राचा उपयोग मुख्यतः कुठे होतो? अंत्यविधीला आणि कबरीपाशी. कारण त्यातल्या अंधाऱ्या दरीला भाषांतरात ‘मृत्युच्छाया’ हा शब्द आला आहे.

मूळ हिब्रू शब्द ‘सलमावेत’. त्याची फोड ‘छाया’ आणि ‘मृत्यू’ अशी करतात, आणि ती जुनी आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरातही तीच दिसते. अनेक अभ्यासक मात्र त्याचा अर्थ ‘घनदाट काळोख’ असा करतात आणि आपल्या परिचयाच्या अरबी ‘जुल्मत’ शब्दाशी त्याचे नाते जोडतात. शेवटच्या ओळीत भाषांतरकार ‘सर्वकाळ’ या अर्थाचा शब्द योजतात, तेथे हिब्रूत ‘दिवसांची लांबी’ असे शब्द आहेत. म्हणजे हे गाणे आयुष्य काढायला निघालेल्या, वाटेत काळोख लागलेल्या माणसाचे आहे, असे आम्हाला वाटते. प्रथेने ते मृताच्या उशाशी नेऊन ठेवले.

हे वाचून ख्रिस्ती शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या घरात पाहावे. मरणासन्न माणसाजवळ सूरह यासीन पढण्याची आपली रीत आहे. दुःखाच्या घरात त्या तिलावतीने धीर येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच सूरहची सत्तरावी आयत हा संदेश जो जिवंत आहे त्याला सावध करण्यासाठी आहे, अशा आशयाची आहे. जी सूरह जिवंताला उद्देशून बोलते, ती आपण त्याच्या अखेरच्या घटकेपर्यंत राखून ठेवतो. आयतुल कुर्सी चौकटीत बसवून भिंतीवर टांगतो. तिचा अर्थ घरातल्या मुलाला विचारला, तर तो वडिलांकडे पाहतो आणि वडील भिंतीकडे.

बरकत आणि अर्थ यांचे वैर नाही. मात्र अर्थासाठी कष्ट घ्यावे लागतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे कुरआनची मराठी भाषांतरे झाली आहेत, पण ती मशिदीत आणि मजलिशीत किती उघडली जातात?

मराठीत दीनची गोष्ट बोलणे कमीपणाचे, असे मानणाऱ्यांनी याच जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवावेत. सतराव्या शतकातील या संतकवीने ‘योगसंग्राम’सारखा ग्रंथ मराठीत लिहिला. अरबी तिलावत आपली आहेच. तिच्या शेजारी मराठी अर्थ ठेवला, तर तिलावतीचा मान कमी होणार नाही. ऐकणारा जिवंत माणूस मात्र तिच्यात सामील होईल.